सांगून ठेवलेला आंबा

साखरखेर्ड्यात जनकाबाईची ओळख विचारली तर लोक आधी तिच्या शब्दाबद्दल बोलत, बाकीचं मागाहून. बाकीचं सांगण्यासारखं फार नव्हतंही. बारीक चणीची, काळीसावळी, कपाळावर गोंदलेली, नवरा गेल्यावर शेत आणि घर दोन्ही एकटीनं ओढणारी बाई. अशा बाया कोणत्याही गावात सापडतील. पण जनकाबाईनं एकदा हो म्हटलं की त्यात फिरवाफिरव नसे, आणि नाही म्हटलं की घासाघीस करण्यात अर्थ नसे.

गावातला एक किराणा दुकानदार तिला एकदा तुरीच्या डाळीवरून चारचौघांत टाकून बोलला. तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही, असं ती म्हणाली आणि घरी आली. पुढे तो दुकानदार वारला. दुकान त्याच्या भाच्याकडे गेलं. भाच्यानं किराणा बंद करून कापड मांडलं. भाचा बिचारा गोड बोलणारा, त्याचा त्या डाळीशी काही संबंध नव्हता. तरी जनकाबाई चोळीच्या खणासाठी चिखलीपर्यंत जाई, पण त्या पायरीवर तिनं पाय ठेवला नाही. तसंच गाईच्या गोऱ्ह्याचं. गाय गाभण असतानाच तिनं जावेला, अन्नपूर्णाबाईला, होईल ते वासरू तुझं असं सांगितलं होतं. वासरू असं देखणं निघालं की सगळा बाजार बघायला थांबला. ते तिनं दावणीतून सोडून जावेच्या दारात नेऊन बांधलं आणि स्वतः लाथाड्या बैलाशी झुंजत राहिली. लोक हसले. तिला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

या स्वभावाची दुसरी बाजू मात्र कुणाच्या फारशी ध्यानात आली नव्हती. तिला वाटे, दुसरेही बोलतात ते असंच बोलतात. "येऊन जा ना एकदा जेवाले" असं कुणी वाटेत म्हटलं तर ती पुढच्या आठवड्यात खरंच जेवायला जाई, आणि त्या घरच्या बायकांची धांदल उडे.

तिचा नवरा शेषराव गेला तेव्हा मुलगा अर्जुन मिसरूड फुटायच्या वयाचा होता. तिनं त्याला शिकवला, त्याचं लग्न करून दिलं, आणि लग्नानंतर वर्षभरात तो चिखलीला गेला. नवीन हायब्रीड ज्वारीचे दिवस होते. बियाण्यांची आणि खतांची दुकानं निघत होती, त्यातल्या एका दुकानात त्याला चांगली नोकरी लागली. सून गीता त्याच्याबरोबर गेली. नातू तिकडेच झाला. जनकाबाईनं तक्रार केली नाही, कारण तक्रार करणं हे तिच्या लेखी काम नव्हतं. पण संध्याकाळी एकटीची भाकर थापताना तिला घर फार मोठं वाटे, आणि ते घर तर मुळीच मोठं नव्हतं.

धाब्याचं घर. पुढे ओसरी, मग माजघर, त्याच्या कडेला चूल. बाजूला गोठा. एका अंगाला अन्नपूर्णाबाईची भिंत, दुसऱ्या अंगाला बोळ. मागे अंगण, आणि अंगणाच्या बरोबर मधोमध आंबा. लग्न झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात शेषराव कुठल्याशा लग्नाच्या पंगतीतून एक कोय धोतराच्या सोग्यात बांधून घेऊन आला होता. कोय त्यानं लावली, पाणी जनकाबाईनं घातलं. फळाला शेपूच्या भाजीसारखा वास येई म्हणून झाडाचं नाव शेप्या पडलं. काहींना तो वास आवडत नसे. ज्यांना आवडे ते वैशाखात काही ना काही निमित्त काढून जनकाबाईच्या अंगणात येत.

एका दिवाळीला अर्जुन बायकोमुलाला घेऊन आला. सगळे माजघरातच झोपत. पोर रडलं की सगळे जागे होत. निघायच्या दिवशी जनकाबाईनं त्याला सरळ विचारलं, की इथली शेती अशी परक्याच्या हातानं किती दिवस करायची, तू परत काऊन येत नाही. अर्जुन चपला घालत होता. तो म्हणाला, "आलो असतो माय. पन एक खोली वेगळी पायजे. गीताले असं एका घरात सुधरत नाई. खोली असती तं उद्या येतो."

हे त्यानं चपलेच्या अंगठ्यात पाय घालता घालता म्हटलं. कुणाही शहाण्या माणसानं ते ऐकलं असतं आणि सोडून दिलं असतं. जनकाबाईनं ते पदराला गाठ मारून ठेवलं.

खोलीला जागा एकच होती, आणि त्या जागेवर शेप्या उभा होता. दिवाळी सरून थंडी पडली तोवर तिचा विचार पक्का झाला होता. जोत्यासाठी दगड तिनं बैलगाडीनं आणवून अंगणाच्या कडेला रचून ठेवले. गवंड्याला बोलून ठेवलं. आणि झाड तोडायला सहदेवला सांगितलं.

सहदेव त्या भागात झाडं तोडायची कामं करी. त्याचा एक नियम होता, आणि तो त्याच्या बापाच्या आधीपासून चालत आलेला होता. झाड तोडायच्या आदल्या सांजेला झाडाला सांगायचं. सांगायचं ते ज्यानं त्याला पाणी घातलं त्यानं. एकदा सांगितलं की झाड त्या घराचं उरत नाही. मग त्याचं फळ खायचं नाही, त्याला ढोर बांधायचं नाही, त्याच्या सावलीत बाज टाकायची नाही. ज्याला घराबाहेर हो म्हटलं, त्याच्याच हातचं जेवायचं कसं? न सांगितलेल्या झाडाला सहदेव कुऱ्हाड लावत नसे, मग घरमालकानं कितीही घाई करो. हे सगळं एका रात्रीपुरतंच असे. सकाळी झाड पडे आणि विषय संपे.

तर त्या सांजेला जनकाबाईनं झाडाला सांगितलं. हळदकुंकू अन्नपूर्णाबाईनं वाहिलं, कारण जनकाबाईला ते चालणार नव्हतं. नारळ फोडला. तांब्याभर पाणी मुळाशी ओतून जनकाबाई खोडाला हात लावून उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "माह्या लेकाले जागा पायजे. तू जागा सोड. पाखरायले बी सांग. आमाले माफ कर." मग डोळे पुसत घरात गेली. तिला रडू आलं याचं अन्नपूर्णाबाईला फार नवल वाटलं, कारण शेषराव गेला तेव्हाही ही बाई लोकांसमोर रडली नव्हती.

सकाळी सहदेव आला. त्यानं वरच्या फांदीला दोर बांधला, कुऱ्हाडीला हात जोडले, आणि पहिला घाव घालणार एवढ्यात बोळातून तलाठी वामनराव आले. कुणाच्या तरी फेरफाराच्या कामाला चालले होते. दोर बघून ते अंगणात शिरले आणि म्हणाले, थांबा.

वामनराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी बाजेवर बसून सगळं नीट समजावलं. सरकारनं नवीन कायदा केला आहे. काही झाडं यादीत घातली आहेत. आंबा, मोह, चिंच, जांभूळ, साग अशी. ती शेतात असोत की घराच्या अंगणात, तोडायची तर आधी अर्ज करायचा, साहेब येऊन झाड बघणार, परवानगी दिली तर तोडायचं. नाहीतर गुन्हा. जनकाबाईनं विचारलं, की झाड माझ्या अंगणात, लावलं माझ्या नवऱ्यानं, पाणी घातलं मी, मग साहेब त्याचा कोण. वामनराव म्हणाले की तसा तो कुणीच नाही, पण कायदा आहे. तिनं विचारलं, की बोळाच्या तोंडाशी कडुनिंब आहे, तो तोडायचा असता तर? वामनराव म्हणाले, कडुनिंब यादीत नाही. बाभूळही नाही. आंबा आहे. सहदेव हे सगळं कुऱ्हाड जमिनीला टेकवून ऐकत होता. त्यानं एवढंच म्हटलं, "पन झाडाले त सांगून झालं."

 कायदा करणाऱ्यांनी याचा विचार केलेला दिसत नव्हता.

 जनकाबाई वामनरावांना म्हणाली, "अर्ज लिवा. कागद येईलोक तोडनार नाई." आणि तिथंच ती दोन्हीकडून बांधली गेली. दुपारी वामनराव मेहकरला तहसीलीत गेले तेव्हा अन्नपूर्णाबाई भिंतीवरून डोकावून म्हणाली, की बाई, तलाठी गेला, आता पाडून घ्या झाड, आणि वाऱ्यानं पडलं म्हणून सांगा. सहदेवचीही तयारी होती. गावात तेव्हा बरीच झाडं अशी वाऱ्यानं पडत. जनकाबाई म्हणाली, "मी तलाठ्याले तोडनार नाई म्हनलं ना बाई." झाडाला तोडणार म्हणून सांगितलेलं, तलाठ्याला तोडणार नाही म्हणून सांगितलेलं. दोन्ही शब्द तिचेच. ती त्या दोन्हींच्या मधे जाऊन बसली.

पौष गेला, माघ आला. कागदाचा पत्ता नव्हता. आणि त्या वर्षी शेप्याला मोहर असा आला की पान दिसेना. इतक्या वर्षांत त्याला तसा मोहर आला नव्हता. अंगणात मधमाश्यांचा गुंजारव चाले. लोक म्हणत, झाडाला कळलं. काही म्हणत, हे बरं लक्षण नव्हे. जनकाबाई त्याच्याकडे बघायचं टाळी. तिनं बाज अंगणातून ओसरीवर आणली. धुणं बोळाकडच्या दोरीवर वाळत घालू लागली. लाथाड्या बैलाला उन्हातच बांधे, पण आंब्याखाली नाही.

फाल्गुन-चैत्रात कैऱ्या धरल्या. लोणच्याचे दिवस आले. बायका दरवर्षीच्या सवयीनं टोपल्या घेऊन आल्या आणि तिनं त्यांना परत पाठवलं. सांगितलेलं झाड म्हटल्यावर कुणी वाद घातला नाही. सहदेवच्या नियमाबद्दल गावात दुमत नव्हतं, नवीन कायद्याबद्दल मात्र होतं. पोरंसुद्धा दगड मारत नसत, कारण त्यांच्या आयांनी त्यांना भीती घातली होती. जनकाबाईनं स्वतःच्या लोणच्यासाठी बाजारातून कैऱ्या विकत आणल्या. डोक्यावर दुसऱ्याच्या कैऱ्यांची पाटी आणि घरी फांद्या जमिनीला टेकलेला स्वतःचा आंबा, हे दृश्य बघून पारावरच्या लोकांची चांगली करमणूक झाली. खाली पडलेली फळं ती रोज सकाळी झाडून काढी आणि उकिरड्यात पुरून टाकी. गुरांनाही घाली ना.

मधून मधून ती अर्जुनला निरोप पाठवी. चिखलीला जाणाऱ्या कुणाच्याही हाती. खोलीचं चाललं आहे, कागद यायचा आहे, तू काळजी करू नको. तिकडून उत्तर येई, बरं आहे म्हणाले.

साहेब वैशाखात आले. जीपनं आले, बरोबर एक कारकून आणि वामनराव. पुण्याकडचे, तरुण, शिकलेले गृहस्थ. घामाघूम झाले होते. ते अंगणात शिरले आणि जागच्या जागी थांबले. गावातले बाकीचे आंबे तोवर लोकांनी उतरवून अढीला घातले होते. फांद्या रिकाम्या झाल्या होत्या. या एकाच झाडाचं मोहरापासून एकही फळ कुणी तोडलेलं नव्हतं. सगळं झाड पिवळंधमक झालेलं, फांद्या वाकलेल्या, आणि अंगणभर तो शेपूचा वास.

साहेब म्हणाले, "बाई, असं झाड तोडायला परवानगी मागितलीत तुम्ही?"

जनकाबाईनं सांगायचा प्रयत्न केला. झाडाला सांगून ठेवलं आहे, म्हणून फळ आहे, एरवी एवढं दिसलं नसतं. साहेबांना त्यातलं काही समजलं नाही. त्यांनी वामनरावांकडे पाहिलं. वामनरावांनी दोन वाक्यं जुळवून पाहिली आणि तीही त्यांच्या तोंडून फार विचित्र वाटायला लागली, तेव्हा त्यांनी ती अर्ध्यावर सोडली. साहेबांनी खाली पडलेला एक आंबा उचलला, रुमालाला पुसला आणि विचारलं, घेऊ का. जनकाबाई म्हणाली, आम्ही त्याचं खात नाही. साहेबांना वाटलं बाईला उपास असेल. त्यांनी आंबा घोळून घोळून चोखला, कोय पांढरी होईपर्यंत चोखला, आणि असा आंबा आपण खाल्ला नव्हता असं मोकळेपणानं सांगितलं. तोवर त्या साली त्या झाडाची चव घेतलेला माणूस तेवढा एकच.

मग हात धुऊन ते कामाला लागले. खोडाला कीड आहे का? नाही. पोकळ झालं आहे का? नाही. वामनरावांनी जनकाबाईकडे सहेतुक पाहिलं. अर्ज लिहितानाच त्यांनी तिला सुचवून ठेवलं होतं, की झाडाची मुळं भिंतीत शिरली, धाबं पडायला आलं असं म्हणा, धोका दिसला की परवानगी मिळते. साहेबांनी नेमकं तेच विचारलं, की घराला काही धोका? जनकाबाईनं भिंतीकडे पाहिलं. भिंत ठणठणीत होती. ती म्हणाली, "नाई जी. भिताडाले काई नाई. झाड चांगलं हाय."

"मग तोडता कशाला?"

"लेकाले खोली पायजे."

साहेबांना वाईट वाटलं असावं. ते म्हणाले की खोली दुसरीकडे कुठेतरी बघा, असं झाड पुन्हा होत नाही. पंधरवड्यानं कागद आला. झाड निरोगी, भरपूर फळणारे, जीवितास वा मालमत्तेस धोका नाही, सबब परवानगी नाकारण्यात येत आहे. वामनरावांनी तो वाचून दाखवला आणि वर अपील करता येतं हेही सांगितलं. जनकाबाई नको म्हणाली. कायदाही तिच्यासारखाच तोंड पाहून बोलत नव्हता, तेव्हा त्याच्यावर तिचा राग नव्हता. कागद काय येतो ते बघू असं तिनं म्हटलं होतं, कागद आला होता.

तिला राग आला तो स्वतःच्या बुद्धीचा. कारण साहेबांचं ते 'खोली दुसरीकडे बघा' तिच्या डोक्यात घोळत राहिलं आणि दुसऱ्याच दिवशी शेण काढताना तिला गोठा दिसला. गोठा रोजच दिसत होता. गुरं शेतात नेऊन बांधली, तिथं एक छप्पर टाकलं, तर गोठ्याच्या जागी चांगली खोली होते. दगड तर आणलेलेच आहेत. इतके महिने हे आपल्याला सुचलं कसं नाही, म्हणून तिनं स्वतःला भरपूर शिव्या घातल्या. मग हात धुतले, शेवया आणि कुरड्या एका फडक्यात बांधल्या, आणि चिखलीची एष्टी धरली. निरोप पाठवायचा तिला धीर नव्हता. हे तिला स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं. एष्टीत शेजारच्या बाईला तिनं विचारलं नसताना सांगितलं, की माझा मुलगा परत घरी राहायला येतो आहे.

अर्जुनची भाड्याची जागा चिखलीच्या एका टोकाला होती. दोन खोल्या, पुढे फरसबंद अंगण. गीतानं पायांवर पाणी दिलं, वाकून नमस्कार केला, फडकं सोडून बघितलं आणि म्हणाली, "आत्याबाई, आंबे नाई आनले यंदा? पोरगं वाट पाहून राह्यलं शेप्याची."

जनकाबाईनं सांगितलं, की झाड सांगून ठेवलं आहे, त्याचं खात नाहीत.

गीताचा हात फडक्यावरच राहिला. ती मनात काही न ठेवता बोलणारी पोरगी होती. ती म्हणाली, "म्हंजे खरंच तोडत होत्या का तुमी?"

त्या एका वाक्यानं जनकाबाई भिंतीला टेकून बसली. खरंच. म्हणजे या घरात कुणी ते खरं धरलंच नव्हतं. तिनं दगड आणले, झाडाला उठवलं, निरोपावर निरोप पाठवले, आणि इथं ते सगळं ऐकून कुणीतरी 'बरं आहे' म्हणून पुन्हा आपल्या कामाला लागत होतं. तिनं आता नजर नीट फिरवली. अंगणात नवीन सिमेंटचं तुळशीवृंदावन होतं, त्याला चुना अजून ओला वाटावा इतकं नवीन. दुसऱ्याच्या भाड्याच्या जागेत कुणी वृंदावन बांधत नाही. नंतर बोलण्या बोलण्यात गीतानंच सांगितलं, की मालक ही जागा आपल्यालाच विकणार आहे.

अर्जुन दुपारी जेवायला घरी आला. आईला बघून त्याला आनंद झाला, तो खोटा नव्हता. पानावर बसल्यावर त्यानं विचारलं, की कागदाचं काय झालं. तिनं सांगितलं, नाही म्हणाले.

अर्जुननं भाकरीचा तुकडा मोडला. त्याचे खांदे खाली आले. दिवसभराचं ओझं उतरवलेल्या माणसाचे येतात तसे. तो म्हणाला, "जाऊ दे माय. सरकारचा कायदाच तसा हाय, त्याले आपुन काय करनार? नशिबात नाई खोली, तं नाई."

गोठ्याचं तिच्या जिभेवर होतं. दिवाळीपासून खोलीशिवाय दुसरं तिसरं काही तिच्या मनात नव्हतं, आणि तोंड उघडलं असतं तर ते बाहेर पडलं असतं. तिनं मुलाच्या खांद्यांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. त्याच्या ताटात ठेचा कमी होता तो वाढला. तिला फार वाईट वाटलं. राग आला असता तर बरं झालं असतं, पण राग येईना, कारण पोरगं सुखात दिसत होतं आणि त्यानं फसवायचं म्हणून काही केलं नव्हतं. तो चपला घालताना जसं बोलतात तसं बोलला होता. सगळं जग तसं बोलतं. तीच एकटी तसं ऐकत नव्हती.

नातवाला मांडीवर घेऊन ती संध्याकाळपर्यंत बसली. गोठ्याबद्दल ती त्या दिवशी बोलली नाही, नंतरही कधी नाही.

घरी आल्यावर तिच्यापुढे वेगळाच पेच होता. झाड उभं राहणार होतं, पण सांगितलेलं. त्याला पाणी नाही, त्याची सावली नाही, त्याचं फळ नाही, असं ते किती वर्षं ठेवायचं? तिनं सहदेवला बोलावलं. सहदेव बराच वेळ डोकं खाजवत बसला. झाडाला सांगायचं कसं ते त्याला ठाऊक होतं, त्याच्या बापालाही ठाऊक होतं. सांगितलेलं मागे घेतल्याचं मात्र त्यानं कुठं ऐकलं नव्हतं. आजवर कुणाला तशी वेळ आलीच नव्हती, सांगितलं ते झाड दुसऱ्या दिवशी पडलेलंच असे. तो म्हणाला, "काकू, हे तुमचं तुमीच पाहा. मले यातलं समजत नाई."

आणि शब्द मागे घेणं तर जनकाबाईलाही ठाऊक नव्हतं. तिनं ते आयुष्यात केलं नव्हतं. दोन दिवस ती त्यावर विचार करत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं विहिरीवरून घागर भरून आणली, अंगणात गेली आणि सगळी घागर मुळाशी रिकामी केली. हळदकुंकू नाही, नारळ नाही, जावेला हाक नाही. खोडाला हात लावून ती हलकेच काही बोलली. अन्नपूर्णाबाई भिंतीपलीकडे भांडी घासत होती, तिनं हात थांबवून कान दिले, पण तिला ऐकू आलं नाही. मग जनकाबाईनं खालच्या फांदीचा एक आंबा तोडला. हंगाम संपत आला होता, आंबा एका बाजूनं उतरला होता. ती झाडाच्या सावलीत खाली मातीत बसली आणि तो सगळा खाल्ला. शेपूचा वास तसाच होता. खाताना ती रडत होती आणि ते तिनं पुसलंही नाही.

उरलेले आंबे तिनं उतरवून घेतले. एक टोपली अन्नपूर्णाबाईला दिली, एक चिखलीला जाणाऱ्या माणसाच्या हाती अर्जुनच्या घरी पाठवली. बाज पुन्हा अंगणात आली, बैल पुन्हा आंब्याखाली आला आणि पहिल्याच दिवशी त्यानं तिला लाथ मारली.

खोलीसाठी आणलेले दगड अंगणाच्या कडेला पडून होते. पाऊस लागायच्या आधी तिनं सहदेवला बोलावून त्या दगडांचा शेप्याभोवती पार बांधून घेतला. झाडं तोडणाऱ्या माणसाला पार बांधायचं काम नवीन होतं, दगड काही नीट बसत नव्हते. एक दगड हलवून हलवून बसवताना त्यानं खाली मान घालूनच विचारलं, "काकू, झाडाले काय म्हनलं तुमी?"

जनकाबाई गारा कालवत होती. ती म्हणाली, "काय म्हनाव? म्हनलं, ऱ्हाय बापा. ज्याच्यासाठी तुले उठवलं, तो येनार नाई."

सहदेवनं मान हलवली आणि पुढचा दगड मागितला.